एकशे बेचाळीस वाहक

फॉर्म भरावा तर मीच! हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंय, कारण आमच्या आगारात दुसरं कुणी सांगत नाही. पण वस्तुस्थिती आहे. बसच्या आगारात लिपिक म्हणून मला चोवीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही कागदावर एकही रकाना रिकामा गेलेला नाही. लोक 'लागू नाही' म्हणून आडवी रेघ मारून मोकळे होतात. मला त्या रेघेचा तिटकारा आहे. ज्याने रकाना छापला, त्याने काहीतरी विचार करूनच छापला असणार ना? मग आपण दोन शब्द टाकायला आपलं काय जातं? एकदा आमच्या साहेबांच्या रजेच्या अर्जात 'प्रसूतीची अपेक्षित तारीख' असा रकाना होता. मी तोही भरला. साहेबांनी चार दिवस मागितले होते, सहा महिने मंजूर होऊन आले.

तर झालं असं, की आमच्या आगारात घसा धरायची साथ आली. आधी एका चालकाचा घसा गेला, मग एका वाहकाचा, आणि आठवडाभरात एकोणीस माणसं गळ्याला मफलर गुंडाळून घरी झोपली. चालकाचा घसा बसला तर एक वेळ निभतं. त्याच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटीच असते. पण वाहकाला ओरडावं लागतं. मार्ग क्रमांक सातवरच्या एका वाहकाचा आवाज पार गेला, तेव्हा त्याने प्रत्येक थांब्याचं नाव प्रवाशांच्या कानात जाऊन कुजबुजायला सुरुवात केली. दोन तक्रारी आल्या आणि एक आभाराचं पत्र.

साहेबांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं. सोमवारी सकाळी तिथून प्रयोगशाळेच्या बाई आल्या. पांढरा कोट, घट्ट बांधलेले केस, आणि चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. जन्मभर जंतूंशीच व्यवहार केला की माणसाला चेहऱ्याची गरज उरत नसावी. आजारी एकोणीस जणांना बोलावून बाकावर ओळीने बसवलं होतं. बाई एकेकापुढे उभ्या राहायच्या, "आ करा" म्हणायच्या, टोकाला कापूस गुंडाळलेली काडी घशात फिरवायच्या आणि नळीत टाकून बूच लावायच्या. वीस मिनिटांत काम आटोपलं. जाताना त्यांनी साहेबांच्या हातात दोन पानी फॉर्म ठेवला.

"हा उद्या सकाळपर्यंत पाठवा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी तो न बघता माझ्याकडे दिला. साहेब कुठलाच फॉर्म बघत नाहीत. त्या रजेपासून तर हातही लांबूनच लावतात.

पहिलं पान म्हणजे डाव्या हाताचा मळ. आगाराचा पत्ता, माणसं किती, पाण्याची टाकी कधी धुतली. (टाकी कधी धुतली ते कुणालाच माहीत नव्हतं. मी माझ्या लग्नाची तारीख टाकली. तेवढी एकच पाठ आहे.) मग पान उलटलं. वर ठळक छापलं होतं, 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी'. मी कार्यालयातच बसतो. लेखणी सरसावली.

समोर माझा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच आगारात वाहक. वय वर्षं एकेचाळीस, पण घरात त्याला अजून 'बाळ' म्हणतात. बाळने वाहतूक नियंत्रक व्हायची मुलाखत आजवर दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा आपटला होता. माणूस हुशार, पण वरिष्ठांपुढे आवाज फुटत नाही. तिसरी, आणि नियमाप्रमाणे शेवटची, मुलाखत दुसऱ्या दिवशी मंगळवारी दुपारी तीनला मुख्य कार्यालयात होती. म्हणून तो पाळी संपल्यावर माझ्याकडे येऊन वेळापत्रकं पाठ करत बसला होता.

"भाऊजी, काय भरताय?"

"ऐक. 'आढळलेल्या वाहकांची संख्या'."

"आढळलेल्या म्हणजे?"

"म्हणजे हजेरीपटावर नुसतं नाव असलेले नकोत, प्रत्यक्ष आढळणारे हवेत. एकशे बेचाळीस."

"बरोबर," बाळ म्हणाला.

"'वाहकांमध्ये लक्षणे दिसतात काय?'"

"कसली लक्षणं?"

"अमक्याची लक्षणं बरी नाहीत असं आपण म्हणतो ना, तसली असतील." मी लिहिलं: 'काहींची लक्षणे ठीक दिसत नाहीत. दोघांची चौकशी चालू आहे.'

पुढचा रकाना होता 'प्रसाराचा मार्ग'. मी लिहिलं, 'मार्ग क्रमांक ४, ७, ११ व वर्तुळाकार'. मग 'प्रसाराचा वेग'. त्यावर बाळ आणि माझा थोडा वाद झाला. शेवटी 'ताशी चाळीस, उतारावर पंचावन्न' असं ठरलं.

"'वसाहती आढळल्या काय? आकार, रंग व कडा यांचे वर्णन करावे.'"

"आपली कर्मचारी वसाहत," बाळ म्हणाला. "बघा, घरांचीसुद्धा चौकशी करतायत! चांगला माणूस आलेला दिसतोय तिकडे."

मलाही बरं वाटलं. मी सविस्तर लिहिलं: 'होय, एक. आगाराच्या मागे. छत्तीस घरे. आकार चौकोनी, रंग फिकट पिवळा, कडा मागील बाजूने ढासळलेल्या. तातडीने लक्ष घालावे.'

'वाढीसाठी वापरलेले माध्यम' यावर मी क्षणभर अडलो. पण आगारातल्या सगळ्यांची पोरं एकाच शाळेत वाढतायत, तेव्हा लिहिलं 'मातृभाषा'. 'वाढीस प्रतिबंध कशामुळे होतो?' याला विचार करावा लागला नाही. वार्षिक वाढीची फाइल अडीच वर्षं जिथे अडकलेली आहे ते ठिकाण लिहिलं: 'मुख्य कार्यालय'. शेवटचा रकाना, 'वाहकांना अलग ठेवण्याची सोय'. मी लिहिलं, 'विश्रांतीगृह आहे. पंखा एकच.'

सही ठोकली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने फॉर्म रवाना केला. अगदी खरं सांगतो, मला त्या फॉर्मची एक प्रत घरी लावावीशी वाटली होती.

मंगळवारी साडेदहाला फोन आला. पलीकडे आरोग्याधिकारी होते. हे गृहस्थ नवे. येऊन अकराच दिवस झालेले. आधीच्या ठिकाणी म्हणे पाच वर्षं मोठ्या साथीची वाट बघत बसले होते आणि साथ काही आली नव्हती.

"हा फॉर्म कुणी भरला?"

"मी भरला!" मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो.

"यात वाहकांची संख्या एकशे बेचाळीस लिहिली आहे. ही खरी आहे?"

"अगदी खरी साहेब. मंजूर दीडशे आहेत, आठ कमी पडतात."

"मंजूर?"

"वरूनच मंजुरी येते."

"हे... हे किती दिवसांपासून चाललंय?"

"आता काय सांगू साहेब. काही जण तीस-तीस वर्षांपासून आहेत."

"तीस वर्षं! आणि लोकांत मिसळतात?"

"मिसळतात म्हणजे? दिवसभर तेच तर करतात. गर्दीच्या वेळी तर अंगाला अंग लागतं."

"अहो, तुम्हाला याचं काहीच वाटत नाही?"

"अभिमान वाटतो साहेब."

त्यांच्या हातातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग आवाज बदलला. ज्या क्षणाची पाच वर्षं वाट पाहिली तो क्षण आल्यावर माणसाचा जसा होतो तसा.

"आत्ता किती बाहेर आहेत?"

"साठएक जण. गावभर फिरतायत."

"सगळ्यांना परत बोलवा! एकूण एक! सगळ्यांना त्या तुमच्या विश्रांतीगृहात ठेवा, आणि मी येईपर्यंत एकही वाहक फाटकाबाहेर जाता कामा नये. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. समजलं काहीच नव्हतं. पण माझा समज असा झाला, की वसाहतीबद्दल लिहिलेलं त्यांच्या मनाला फार लागलं आणि ते सगळ्या वाहकांची गाऱ्हाणी समक्ष ऐकायला येतायत. मी आमच्या साहेबांना तसं सांगितलं. साहेब घाबरून आधी दाढी करून आले.

निरोप गेले, दुपारच्या पाळीचे घरी होते त्यांनाही. गाड्या होत्या तिथून वळल्या. प्रवाशांसकट वळल्या! लोक ओरडत होते, "अहो, आम्हाला तरी उतरवा!" आणि वाहक सांगत होते, "हुकूम आहे." साडेबारापर्यंत शेवटची गाडी आत आली. आजारी अकरा वाहक घरी होते. उरलेले एकशे एकतीस विश्रांतीगृहात. त्या खोलीत खाटा तीस. एकेका खाटेवर चार-चार जण बसले होते, बाकीचे खिडक्यांना लोंबकळत होते. दारातला एक ज्येष्ठ वाहक सवयीने ओरडत होता, "पुढे सरका! आत जागा आहे!"

गाव चालत निघालं. रस्त्यावर इतकी माणसं पायी मी कधी बघितली नव्हती. आणि जाता-येता प्रत्येक जण आमच्या फाटकाकडे असं बघत होता, की मी खिडकीतून मान आत घेतली.

एक वाजता आरोग्याधिकारी आले. तोंडावर दोन मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे. त्यांनी विश्रांतीगृहापासून दहा पावलांवर दोरी बांधून घेतली आणि दोरीच्या अलीकडून आमच्या साहेबांना विचारलं, "तुमच्या आगारात इतके वाहक कसे?"

"इतके कुठे?" साहेब काकुळतीने म्हणाले. "कमीच पडतात. आणखी वीस जणांची मागणी कधीची पाठवली आहे!"

आरोग्याधिकारी दोन पावलं मागे सरकले.

ते प्रयोगशाळेला फोन लावत असतानाच माझी बायको फाटकातून आत आली. हातावर इस्त्री केलेला शर्ट. दुपारी मुलाखतीला जाण्याआधी बाळने कपडे बदलावेत म्हणून ती पाऊण तास चालत आली होती, आणि पाऊण तासाचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर मांडलेला होता.

"अहो, बाळ कुठाय?"

"आत आहे."

"आत म्हणजे?"

"त्याला अलग ठेवलंय."

तिने विश्रांतीगृहाकडे बघितलं. खिडकीच्या गजांतून तेवीस हात बाहेर आले होते. "एकशे तीस जणांबरोबर अलग?"

"तो वाहक आहे ना, म्हणून."

"मग वाहकाला वाहक म्हणून कोंडतात होय? त्याने केलंय काय?"

"कुणीच काही केलेलं नाही गं. मी फक्त एक फॉर्म भरला."

लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत, तिला पुढचं विचारायची गरज नव्हती. फक्त एवढंच म्हणाली, "किती पानी?"

"दोन."

तिने डोळे मिटले. मग उघडले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तीन वाजता त्याची मुलाखत आहे. शेवटची. तो त्या मुलाखतीला बसला नाही, तर मी तुमच्याशी जन्मभर बोलणार नाही असं म्हणणार नाही. मी जन्मभर बोलतच राहीन."

मी मुख्य कार्यालयाला फोन लावला. पाच जणांनी मला दुसऱ्या पाच जणांकडे पाठवलं. शेवटी घाम पुसत मी म्हणालो, "माझा मेहुणा सरकारी आदेशाने कोंडलेला आहे." हे वाक्य कामाला आलं. मुलाखत फोनवर घ्यायचं कबूल झालं.

पण बाळचा मोबाइल पडून पडून असा झाला होता, की स्पीकर लावल्याशिवाय त्यातून आवाजच यायचा नाही. तीन वाजता फोन वाजला तेव्हा तो खिडकीपाशी खाटेवर उभा होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि मागे एकशे तीस वाहक श्वास रोखून. इतकी शांतता त्या खोलीत तिच्या उद्घाटनालासुद्धा नव्हती.

"तुमच्याजवळ दुसरं कुणी आहे का?" फोनमधून विचारणा झाली.

"कुणी नाही साहेब," बाळ म्हणाला.

मागे कुणीतरी खोकलं.

"कोण खोकलं?"

"मीच साहेब."

पहिला प्रश्न आला. सकाळच्या गर्दीत एकाच मार्गावरच्या तीन गाड्या बंद पडल्या तर काय कराल? बाळचा चेहरा पांढरा पडला. नेहमीचंच! उत्तर येत होतं, आवाज येत नव्हता. तेवढ्यात त्या ज्येष्ठ वाहकाने ड्यूटी कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ते त्याच्या नाकासमोर धरलं. बाळने वाचलं. मग दुसरा प्रश्न, दुसरं कार्ड. तिसऱ्याला तर चार कार्डं आली आणि चौघांची उत्तरं वेगळी होती. बाळने त्यातलं मधलं निवडलं. मी आणि बायको खिडकीबाहेर उभे होतो. तिने माझं मनगट पकडलं होतं. रागाने की काळजीने ते कळत नव्हतं, पण बोटं बधिर झाली होती.

"शेवटचा प्रश्न. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगा, या कामातला सगळ्यात मोठा त्रास कोणता?"

आणि इथे घात झाला. कारण हा प्रश्न त्या खोलीतल्या कुणाला आजवर कुणी विचारलाच नव्हता. एकशे तीस गळ्यांतून एकदम गर्जना झाली, "प्रवासी पुढे सरकत नाहीत!"

खिडकीची काच थरथरली. आरोग्याधिकाऱ्यांनी दोरी सोडून झाडामागे आसरा घेतला. बाळ डोळे मिटून उभा होता. संपलं, असं बायको पुटपुटली.

फोनमध्ये आधी खरखर झाली. मग आवाज आला, "आवाज बराच मोठा आहे हो तुमचा!"

"हो साहेब," बाळ कसाबसा म्हणाला.

"मागच्या दोन वेळी तोच कमी पडला होता. ठीक आहे, निकाल कळवू."

त्याच सुमारास प्रयोगशाळेच्या बाई पोहोचल्या. बस बंद, म्हणून त्याही चालत आल्या होत्या. पांढऱ्या कोटावर धूळ होती. आरोग्याधिकारी झाडामागून बाहेर आले आणि फॉर्म फडकावत म्हणाले, "बाई, एकशे बेचाळीस वाहक!"

"माझ्याकडे अजून एकही नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त आजाऱ्यांच्या घशातले नमुने घेतलेत. हे कुणी मोजले?"

त्यांनी फॉर्म घेतला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. चेहरा नेहमीसारखाच. फक्त 'कडा ढासळलेल्या' इथे त्यांची एक भुवई थोडीशी वर गेली आणि 'मुख्य कार्यालय' इथे दुसरी.

"हे दुसरं पान आमचं होतं," त्या मला म्हणाल्या.

"वर 'कार्यालयीन उपयोगासाठी' असं छापलंय."

"आमच्या कार्यालयाच्या."

"तसं छापलेलं नाही," मी म्हणालो. या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे.

मग बाईंनी आम्हा सगळ्यांना उभ्या उभ्या समजावलं. ज्याच्या घशात रोगाचे जंतू असतात, पण स्वतःला काहीच होत नाही, असा धडधाकट माणूस हिंडता-फिरता दुसऱ्यांना रोग देत जातो. त्याला वाहक म्हणतात. थाळीत जंतूंचं खाद्य ओतून थिजवतात, ते माध्यम. त्यावर घशातली काडी फिरवून थाळी उबेत ठेवली, की एकेका जंतूची रातोरात लाखोंनी वाढ होते आणि त्यांचा नुसत्या डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. तो ठिपका म्हणजे वसाहत.

"म्हणजे घरं दुरुस्त होणार नाहीत?" खिडकीतून एकाने विचारलं.

आरोग्याधिकारी पालथ्या बादलीवर बसले. एक मास्क काढला, मग दुसरा काढला. "हे बसचं आगार आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "इथे तिकीट देणाऱ्यालाही... मला कुणीतरी आठवण करून द्यायची."

"फाटकावर पाटी आहे," आमचे साहेब नम्रपणे म्हणाले.

दार उघडलं. आता सगळ्या गाड्या एकाच वेळी सोडायच्या, म्हणजे सगळ्यांना नव्याने ड्यूटी कार्डं द्यायची. चूक माझी होती, तेव्हा म्हटलं, निदान हे तरी झटपट उरकू. मी कार्यालयाच्या खिडकीत बसलो आणि हात चालू केला. अंगठा जिभेला लावायचा, कार्ड सुटं करायचं, मान बाहेर काढून नाव पुकारायचं, कार्ड हातात द्यायचं. अंगठा, कार्ड, नाव, हात. अंगठा, कार्ड, नाव, हात. मिनिटाला वीस! साहेबसुद्धा कौतुकाने बघत होते. बाईही बघत होत्या, जरा जास्तच एकटक.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे असं रोज करता?"

"चोवीस वर्षं," मी म्हणालो. "चालक, वाहक, सगळ्यांना. सकाळच्या पाळीचं काम माझ्याकडेच."

"आणि दुपारच्या पाळीला?"

"दुसरा लिपिक देतो. त्याला असा वेग नाही. तो अंगठ्याला रबरी टोपी घालतो."

बाईंनी वही उघडली. बोट वरून खाली नेलं. "आजारी पडलेले एकोणीसच्या एकोणीस सकाळच्या पाळीचे आहेत. दुपारच्या पाळीतला एकही नाही."

मी म्हणालो, "योगायोग असेल."

"तुमचा घसा दुखला होता का एवढ्यात?"

"माझा? छे! सगळं आगार आडवं झालं, पण मी एक दिवस रजा घेतलेली नाही. मला काही म्हणजे काही होत नाही!"

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की सगळे माझ्याकडे बघतायत. आरोग्याधिकारी बादलीवरून उठले होते. बायको हळूच दोन पावलं मागे सरकली होती.

बाईंनी पिशवीतून कापसाची काडी काढली. "आ करा."

गुरुवारी बाईंचा फोन आला. माझ्या थाळीवर वसाहती अशा दाटीने आल्या होत्या, की मोजायला जागा नव्हती, आणि आजाऱ्यांच्या थाळ्यांवर होते तेच जंतू. बाईंनी आमच्या आगाराचा फॉर्म नव्याने, स्वतःच्या हाताने भरला आणि त्याची प्रत साहेबांना पाठवली. आढळलेल्या वाहकांची संख्या: एक. हुद्दा: लिपिक.

ती प्रत कुणीतरी सूचना फलकावर लावली. कुणी ते विचारू नका, एकशे बेचाळीस संशयित आहेत. पुढचे कित्येक दिवस मी फाटकातून आत आलो की सगळे बाजूला होऊन वाट करून देत आणि एखादा गोड आवाजात म्हणे, "या, वाहक!" मला दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि टेबलावर एक ओला स्पंज. घरी बायकोने माझं ताट, पेला, टॉवेल, सगळं वेगळं केलं. ती माझ्याशी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बोलायची, आणि तेही कामापुरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी जरा जवळ सरकलो तर म्हणाली, "कोर्स पूर्ण होऊ दे." मग थोडं थांबून, "डॉक्टर वाढवून देत असतील तर विचारा."

बाळ मात्र पास झाला! नियंत्रक म्हणून मोठ्या चौकात उभा राहायला लागला. पहिल्याच दिवशी वरिष्ठ त्याचा तो प्रसिद्ध आवाज ऐकायला मुद्दाम आले, तेव्हा त्याने घसा धरल्याचं सांगून वेळ मारून नेली. आता साहेबांकडे भोंग्याची मागणी केली आहे. अर्ज मी भरून देणार होतो, पण तो म्हणाला, "नको भाऊजी, तुम्ही दमला असाल."

गोळ्या संपल्यावर पुन्हा घसा तपासून घ्यायला मी प्रयोगशाळेत गेलो. उबेच्या कपाटात थाळ्यांच्या चळती, टेबलावर नळ्या आणि खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक. बाईंनी काडी फिरवली, नळीत टाकली, बूच लावलं. मी निघालो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमचे जंतू बघायचेत? जुन्या थाळीतले घेऊन काचपट्टीवर जांभळे रंगवून ठेवलेत."

आता, बाईंच्या नजरेत माझी किंमत काय उरली होती ते मला ठाऊक होतं. म्हटलं, निदान इथे तरी आपण अगदीच अडाणी नाही हे दिसू दे. मी हात मागे बांधले, जाणकारासारखी मान हलवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवला. आणि काय सांगू! स्पष्ट दिसले!

"दिसले!" मी म्हणालो. "चांगले लांबलचक आहेत की हो! काळेभोर, टोकाला जरा वाकलेले. सात-आठ जण एका ओळीत उभे आहेत. आणि जिवंत आहेत अजून, बाई! सगळे एकदम खाली येतात, एकदम वर जातात. शिस्त आहे पण त्यांच्यात!"

बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, चकित झाल्या असतील. म्हणून मी आणखी जवळ डोळा नेला.

"बाई, पण तुम्ही म्हणालात जांभळे. मला तर काळे दिसतायत."

"त्या तुमच्या पापण्या आहेत," बाई म्हणाल्या. "काचपट्टी अजून माझ्या हातात आहे."